थांब, फोटो येतोय!

मोबाइलमध्ये हजारो फोटो पडलेले असताना अचानक कुणी सांगितलं, ‘आता फक्त आठ फोटो काढायचे,’ तर? माळ्यावरचा जुना पोलरॉइड आणि दूध पावडरचा रिकामा डबा घेऊन घरच्यांबरोबर केलेल्या एका हटके उद्योगाविषयी…

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किती फोटो आहेत? उघडा बरं गॅलरी. चार हजार? सात हजार? त्यातले निम्मे ऑफिसातल्या व्हाइटबोर्डचे, मॉलच्या पार्किंगमधल्या पिलर नंबरचे आणि फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांचे असणार, पैजेवर सांगते! आता दुसरा प्रश्न. त्यात तुमच्या आजीचा, एकटीचा, निवांत बसवून काढलेला फोटो किती?

इथं बहुतेकांचा स्क्रोल करणारा अंगठा थांबतो.

फोटो फुकट झाले ही आपल्या पिढीची चैन. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं जे होतं तेच फोटोंचंही झालं. आपण काढतो खूप आणि बघतो कमी. म्हणूनच हल्ली काही मंडळी उलट्या वाटेनं निघाली आहेत. कुणी कपाटातला जुना इन्स्टंट कॅमेरा पुसून काढतंय, कुणी चक्क पत्र्याच्या डब्याला सुईनं भोक पाडून त्याचा कॅमेरा करतंय. एक प्रकार झटपट, दुसरा एकदम कासवछाप. पण दोघांत एक गोष्ट कॉमन आहे. एका वेळी एकच फोटो, डिलीटचं बटण नाही, आणि एकट्यानं करण्यात काही मजा नाही.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याजवळ आजोळी आम्ही हे दोन्ही प्रकार करून पाहिले. टीममध्ये मी, आई, ताई, ताईची आठ वर्षांची लेक, मामा, मामी आणि एक्क्याऐंशी वर्षांची आजी. पाच दिवस, दोन कॅमेरे, एक बाथरूम!

‘आत्ताच का नाही दिसत?’

इन्स्टंट फोटोची कथा एका लहान मुलीच्या प्रश्नापासून सुरू होते. १९४३ साली अमेरिकेतल्या सांता फे इथं शास्त्रज्ञ एडविन लँड कुटुंबाबरोबर सुट्टीवर होते. त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या जेनिफरचा फोटो काढला, तर पोरीनं विचारलं, हा फोटो आत्ताच का बघता येत नाही? आपण असतो तर ‘दुकानात धुवायला द्यावा लागतो गं’ म्हणून विषय मिटवला असता. लँड मात्र फिरायला बाहेर पडले आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म, रसायनं या सगळ्याचा आराखडा डोक्यात मांडून परत आले, असं ते पुढे सांगत असत.

फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर याचं प्रात्यक्षिक दाखवलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या जॉर्डन मार्श या स्टोअरमध्ये पहिला पोलरॉइड विक्रीला आला. किंमत ८९ डॉलर ७५ सेंट. आणलेले सगळे कॅमेरे पहिल्याच दिवशी संपले. मात्र त्या काळात फोटोचा वरचा कागद सोलून काढावा लागायचा. खटकन बाहेर येऊन तुमच्या डोळ्यांसमोर उमटणारा फोटो आला तो १९७२ मध्ये, एसएक्स-७० या कॅमेऱ्याबरोबर.

त्या फोटोची पांढरी चौकट आठवते ना? खाली जरा जास्त रुंद असते ती? ती काही नाव लिहायला सोडलेली जागा नाही. तिथं रसायनाची छोटीशी पुडी लपलेली असते. फोटो बाहेर पडताना कॅमेऱ्यातले दोन रोलर ती पुडी फोडतात आणि पराठ्यावर तूप पसरावं तसं रसायन सगळीकडे सारखं पसरवतात. म्हणजे प्रत्येक फोटो स्वतःची डार्करूम बरोबर घेऊनच जन्माला येतो. काय डोकं आहे, बॉस!

झोपलेला कॅमेरा जागा होतो

आमचा कॅमेरा पोलरॉइडच्या ६०० सिरीजमधला. ही सिरीज १९८१ मध्ये आली. आईचे एक मामेभाऊ तेव्हा मस्कतला होते, त्यांनी तो आणला आणि चार लग्नं, दोन बारशी केल्यावर कॅमेरा ट्रंकेत गेला. इतक्या वर्षांनी तो चालू होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण इथं एक मस्त गंमत आहे. या सिरीजच्या कॅमेऱ्यात बॅटरी नसतेच. ती फिल्मच्या पाकिटात असते. त्यामुळे नवं पाकीट आत सरकवलं की नवी बॅटरीही आत जाते. आम्ही झाकण बंद केलं, आतून ‘घर्रर्र’ आवाज आला आणि फिल्मवरचं काळं झाकण जीभ दाखवावी तसं बाहेर आलं. आजी म्हणाली, ‘अगं बाई, जिवंत आहे की!’

फिल्म अजून मिळते का, हा पहिला प्रश्न. मिळते, ऑनलाइन मिळते, आणि तिच्यामागची गोष्ट कुठल्याही स्टार्टअपला लाजवेल. फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडनं इन्स्टंट फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा फ्लोरियन काप्स आणि त्याच्या सोबत्यांनी नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथला शेवटचा कारखाना, मशीनसकट वाचवला. प्रोजेक्टचं नावच ठेवलं ‘इम्पॉसिबल’. अडचण अशी की जुनी रसायनं बाजारातून गायब झाली होती, म्हणून फिल्मची रेसिपी जवळजवळ नव्यानं शोधावी लागली. २०१० मध्ये पहिली फिल्म आली. पुढे २०१७ मध्ये हीच मंडळी ‘पोलरॉइड ओरिजिनल्स’ झाली आणि २०२० पासून नुसतं ‘पोलरॉइड’. म्हणजे चाहत्यांनीच ब्रँड चालवायला घेतला!

एका पाकिटात आठ फोटो. आणि फिल्म महाग आहे, हे आधीच सांगून ठेवते. खिशाला एवढा ताण नको असेल तर फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स आहेच. १९९८ पासून तो बाजारात आहे, फिल्म तुलनेनं स्वस्त, पाकिटात दहा फोटो, आणि मिनी साइजचा फोटो पाकिटात बसेल असा, क्रेडिट कार्डाएवढा. हल्ली लग्नाच्या रिसेप्शनला पाहुण्यांकडून फोटो चिकटवून शुभेच्छा लिहून घेतात, ते बहुतेक इन्स्टॅक्सचेच.

आठ फोटो, सात माणसं

आता खरी मजा. आठ फोटो आणि सात माणसं, म्हणजे जेवणानंतर चक्क मीटिंग बसली. ऑफिसमधल्या बजेट मीटिंगपेक्षा जास्त गंभीर! शेवटी ठरलं की प्रत्येकानं आपल्याला हवा तो एकच फोटो सांगायचा. आठवा शिलकीत.

आणि मग ज्या गोष्टी बाहेर आल्या, त्या कुठल्याही सेल्फीत आल्या नसत्या. भाचीला झोपलेल्या कुत्र्याचा फोटो हवा होता, ‘तो उठायच्या आत’. आईला तिच्या लहानपणीच्या खिडकीत बसायचं होतं. मामीनं बराच वेळ काही सांगितलंच नाही, मग हळूच म्हणाली, ‘माझा गाडीवरचा काढ.’ पंचेचाळिसाव्या वर्षी मामी स्कूटर शिकली होती. घरातल्या कुणीच त्याचा फोटो काढला नव्हता. मोबाइल सगळ्यांकडे होते. विचारलं कुणीच नव्हतं.

फोटो बाहेर आला की लगेच उजेडापासून लपवायचा, उलटा करून ठेवायचा आणि थांबायचं. रंगीत फिल्मला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आणि हो, हलवायचा नाही! आउटकास्टच्या ‘हे या’ या २००३ च्या गाण्यानं जगभरच्या पोरांना पोलरॉइड हलवायला शिकवलं, तेव्हा २००४ मध्ये कंपनीलाच ‘असं करू नका’ म्हणून सांगावं लागलं. हलवल्यानं फोटो लवकर येत नाही, उलट आतले थर सुटून डाग पडू शकतात.

आपल्याकडचा दुसरा व्हिलन म्हणजे उन्हाळा. ही फिल्म साधारण १३ ते २८ अंशांत खूश असते. त्याहून गरम झालं की फोटोवर पिवळट-लालसर झाक येते, थंडीत निळसर. मे महिन्यातल्या दुपारी काढलेल्या फोटोत आईचा चेहरा थेट हळद लागल्यासारखा आला. ‘पुन्हा लग्न लावताय की काय?’ असं म्हणत तिनं तो फोटो पदराखाली घेतला आणि कुणालाच परत दिला नाही. पुढचे फोटो आम्ही सकाळी साडेसातला काढले.

कवडसा म्हणजेच कॅमेरा

झटपट कॅमेरा संपला, आता कासवछाप.

शाळेत सहावीच्या विज्ञानात एक भयंकर शब्द होता, आठवतो? ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’! पाठ करताना जीभ वळायची नाही. तोच आपला पिनहोल कॅमेरा. लेन्स नाही, बॅटरी नाही, सेटिंग नाही. एक अंधारा डबा आणि त्याला एक बारीकसं भोक. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण भोकातून डब्याच्या तळाशी पोचतो आणि बुंध्याकडून आलेला वरती. आतल्या भिंतीवर अख्खं झाड उलटं उभं!

खरं तर मराठी माणसाला हे नवीन नाही. कौलारू घरात दुपारी फटीतून जमिनीवर उतरणारा तो गोल कवडसा असतो ना? फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल, कारण ते फटीचं नाही, सूर्याचं चित्र असतं. खात्री करायची असेल तर खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखालच्या कवडशांकडे बघा. सगळ्यांच्या चंद्रकोरी झालेल्या असतात. आणि हंपीला गेला असाल तर विरूपाक्ष मंदिरात गाइडनं दाखवलंच असेल. छोट्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडामुळे मंदिराच्या गोपुराची उलटी आकृती आतल्या भिंतीवर पडते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञानं अंधाऱ्या खोलीचे असे प्रयोग करून प्रकाश कसा प्रवास करतो, याचा अभ्यास केला होता. आपण फक्त त्या भिंतीच्या जागी फोटोचा कागद लावायचा.

आमच्या डब्याचा व्यास दहा सेंटिमीटर. आतून काळा मॅट रंग दिला. बाजूला नाण्याएवढं भोक पाडून त्यावर आतून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ पत्रा चिकटवला आणि त्या पत्र्याला १० नंबरच्या सुईच्या टोकानं भोक पाडलं. ही सुई साधारण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित बारीक असते, आणि दहा सेंटिमीटरच्या डब्याला एवढंच भोक लागतं. मोठं केलं तर चित्र धूसर, फारच बारीक केलं तरीही धूसर, कारण मग प्रकाश कडेला पसरतो. भोकाच्या कडा बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केल्या. बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा, हाच शटर!

बाथरूममधला मास्तर

कॅमेरा झाला, पण फोटो धुणार कोण? इथं मामाची एंट्री.

मामाचा गावात फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो. मग डिजिटल आलं, मागोमाग मोबाइल आले आणि २००९ मध्ये स्टुडिओचं शटर खाली आलं. त्याच गाळ्यात आता झेरॉक्स आणि स्टेशनरी आहे. त्या दिवसांविषयी मामा बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. आमची डबा रंगवण्याची गडबड तो दोन दिवस दारातून नुसती बघत होता. तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या फटींना मी कागद चिकटवत असताना मागून आवाज आला, ‘खालची फट राहिली. तिथूनच उजेड येतो.’

पुढचं सगळं त्यानंच ताब्यात घेतलं. झिरोचा लाल बल्ब लावला. ब्लॅक अँड व्हाइट फोटोच्या कागदाला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्यात काम करता येतं. तीन ट्रे मांडले. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी आणि थोडं व्हिनेगर, तिसऱ्यात फिक्सर, म्हणजे स्टुडिओवाल्यांच्या भाषेत हायपो. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास हवा आणि साताऱ्यात पारा छत्तीसवर, म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवला. कुठल्याही व्हिडिओत मला ही युक्ती दिसली नव्हती.

पहिला कागद ट्रेमध्ये गेला. आम्ही तिघंचौघं त्या एवढ्याशा बाथरूममध्ये श्वास रोखून. काहीच नाही. भाची म्हणाली, ‘मामाआजोबा, बिघडला का?’ मामा ट्रे हळूहळू हलवत म्हणाला, ‘पहिली वीस सेकंदं काही दिसत नसतं. घाबरायचं नाही.’ आणि मग कागदाच्या एका कडेला करडा डाग उमटला, तो वाढत गेला आणि त्यात आमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन उभं राहिलं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, कारण ही निगेटिव्ह होती. पण होतं ते आमचंच वृंदावन. पोरीनं जी किंकाळी मारली!

त्या रात्री जेवताना मामा तासभर बोलत होता. दिवाळीत रात्र रात्र जागून प्रिंट कसे काढायचे, वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते म्हणून तो विकत न्यायला माणसं कशी यायची, एका नवरदेवाचे डोळे सगळ्या फोटोंत मिटलेले कसे निघाले. मामीनं त्याला दोनदा वाढलं, त्याचं लक्ष नव्हतं.

एक मिनिट हलू नकोस

पिनहोलचं एक्सपोजर लांबलचक असतं. आमच्या डब्याचं भोक एवढं बारीक की कॅमेऱ्याच्या भाषेत ते एफ २२० च्या आसपास. त्यात फोटोचा कागद फिल्मपेक्षा खूपच मंद. म्हणून कडक उन्हात अर्धा ते एक मिनिट, सावलीत किंवा ढगाळ हवेत चार-पाच मिनिटं टेप उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही.

आता आठ वर्षांच्या मुलीला सांगून बघा! भाची दहा सेकंदं बसली, मग माशी आली, मग खाज आली, मग कुत्रा आला. आजी तिच्या शेजारी पाटावर, हात मांडीवर ठेवून. कोवळ्या उन्हात एक मिनिट. आजी हलली नाही. तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही. ती रोज संध्याकाळी अंगणात तशीच तर बसते.

मामानं निगेटिव्हवर दुसरा कागद ठेवून, वर काच दाबून प्रिंट काढला. अंगण, पाट, भिंतीवरचे पोपडे सगळं स्वच्छ. आजीच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. या कागदाला लाल रंग काळा दिसतो आणि निळा फिकट, त्यामुळे आजीची निळी साडी पांढरीशुभ्र आली होती. आणि तिच्या शेजारी लाल फ्रॉकच्या जागी नुसता काळसर धूर. त्यात कुठेतरी एक वेणी, एक गुडघा. भाची भूत झाली म्हणून जाम खूश.

आजीनं चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, ‘हा बरा आलाय. नंतर हाच लावा.’

कुणीच काही बोललं नाही. नंतर म्हणजे कधी, ते सगळ्यांनाच कळलं होतं. आपल्याकडे प्रत्येक घरात ती वेळ येते आणि मग घाईघाईत कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करतात. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहतो. आजीनं तेवढं बघून ठेवलेलं असणार.

मामानं फोटो तिच्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, ‘हा जरा हललाय. उद्या अजून एक काढू.’

फोटो अजिबात हललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अजून एक काढला. त्याच्या पुढच्या दिवशी अजून एक. आता मामा दर रविवारी एक काढतो. स्टेशनरीच्या दुकानात मागच्या बाजूला त्यानं लाल बल्ब लावला आहे. आजी तक्रार करते, ‘किती वेळा बसवतो हा मला!’ पण साडी नेसून वेळेच्या आधी तयार असते म्हणे.

उत्तरायण डब्यात

पाच दिवस सुट्टी नाही, बाथरूम शेअरिंगचं आहे, रसायनांची भानगड नको? मग तुमच्यासाठी सोलरग्राफी. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनला सुईनं भोक पाडा, आत फोटोचा कागद गोल करून लावा, वरून काळ्या टेपनं घट्ट बंद करा आणि गॅलरीच्या ग्रीलला दक्षिणेकडे तोंड करून बांधून टाका. मग विसरून जा. रोजचा सूर्य कागदावर आपली एक रेघ ओढून जातो. २२ डिसेंबरच्या सुमारास लावून २१ जूनच्या सुमारास काढला तर सूर्य रोज थोडा थोडा वर सरकताना, म्हणजे अख्खं उत्तरायण तुमच्या कागदावर! शिवाय पावसाळ्याचे ढगाळ दिवसही बहुतेक टळतात. हा कागद धुवायचा नाही, थेट स्कॅन करायचा.

याचा रेकॉर्ड ऐकाल तर थक्क व्हाल. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत रेजिना व्हॅल्केनबर्ग या विद्यार्थिनीनं २०१२ मध्ये बिअरच्या कॅनचा असा कॅमेरा लावला होता. तो सापडला २०२० मध्ये. आठ वर्षांत सूर्यानं ओढलेल्या २,९५३ रेघा त्या एका कागदावर होत्या!

तुम्हाला करायचंय? हे लक्षात ठेवा

• जुना पोलरॉइड घेण्याआधी तो कुठली फिल्म घेतो ते बघा. ६०० आणि एसएक्स-७० साठी वेगवेगळी फिल्म मिळते. नव्या आय-टाइप फिल्ममध्ये बॅटरी नसते, त्यामुळे ती जुन्या कॅमेऱ्यात चालत नाही.

• दर पाकिटाआधी रोलर ओल्या मऊ कापडानं पुसा. फोटोवरचे बरेचसे डाग तिथूनच येतात.

• फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. वापरण्याआधी तासभर बाहेर काढा.

• पिनहोलसाठी ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद लागतो, प्रिंटरचा फोटो पेपर नाही. पाकीट फक्त लाल उजेडात उघडा.

• डबा विटेवर किंवा स्टुलावर ठेवून वर वजन ठेवा. टेप काढताना डबा हलतो, तिथंच बऱ्याच जणांचा पहिला फोटो फसतो.

• एक्सपोजर मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. हवा, वेळ, सेकंद. तिसऱ्या फोटोपर्यंत तुमचा स्वतःचा तक्ता तयार!

• रसायनांसाठी हातमोजे आणि चिमटे वापरा. ते ट्रे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. वापरलेला हायपो झाडांना घालू नका.

• काच आणि प्रिंटचा खटाटोप नको असेल तर निगेटिव्हचा मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे करा, आणि चित्र आरशासारखं फिरवा. कागदी निगेटिव्हवर डावं-उजवं बदललेलं असतं.

एप्रिलमधला शेवटचा रविवार जगभर पिनहोल फोटोग्राफी दिवस म्हणून साजरा होतो. २००१ पासूनची ही प्रथा आहे. निमित्तच हवं असेल तर ते घ्या. नाहीतर येणारा कुठलाही रविवार चालेल. घरातला सगळ्यात शांत बसणारा माणूस शोधा, कोवळ्या उन्हात खुर्ची टाका आणि एक मिनिट त्याच्याकडे नुसतं बघत उभे राहा. टेप हातात धरलेली असल्यामुळे मोबाइल घेता येत नाही, हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात भारी फीचर!

आणि फोटो वाळला की मागे पेन्सिलनं तारीख आणि नावं लिहायला विसरू नका. मोबाइल चेहरे ओळखतो. ट्रंक ओळखत नाही.